12 मार्च म्हणजे धाकटा 15 ऑगस्ट नाही: आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रिय अध्यक्ष काका, सेक्रेटरी ताई आणि कमिटीतले सगळे दादा-वहिनी,

नमस्कार आणि उशिराने का होईना, बॉन फेत, म्हणजे सणाच्या शुभेच्छा!

खरं तर हे ग्रुपवरच टाकणार होते, पण आपल्या ग्रुपवर काही लिहिलं की पाच मिनिटांत कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं, मग सगळे त्या फुलाला हात जोडत बसतात आणि मुद्दा जातो वर सरकून. म्हणून इथे सविस्तर लिहिते. मॉरिशसबाहेरचे मराठी लोकही वाचतील, त्यामुळे तुम्हाला तोंडपाठ असलेल्या काही गोष्टी परत सांगाव्या लागतील, तेवढं सांभाळून घ्या.

विषय आहे 2028. त्या 12 मार्चला मॉरिशसच्या स्वातंत्र्याला 60 वर्षं होणार म्हणून मंडळाने आत्तापासून सब-कमिटी नेमली हे मस्तच झालं. पण त्या मीटिंगचं टिपण वाचलं आणि मला रात्री झोप लागेना. मुंबईहून ऑर्केस्ट्रा, हिंदी देशभक्तीपर गाणी, मुलींना नऊवारी, भारतातून चीफ गेस्ट (मिळाला तर मंत्री, नाही तर सिरियलमधलं कोणीतरी), 'मातृभूमीचे ऋण' या विषयावर वक्तृत्व आणि शेवटी जिलबी. मला एकच सांगा, यातून '12 मार्च' हे शब्द खोडून '15 ऑगस्ट' लिहिलं तर टिपणात आणखी काही बदलावं लागेल का? आणि ती मातृभूमी नक्की कुठली? माझी म्हणाल तर चिपळूण. पण माझ्या नवऱ्याची, तुमची, आपल्या पोरांची? त्यांचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून बोटीत बसले ते बसले, परत काही गेले नाहीत.

मी इथे लग्न करून आले त्याला चौदा वर्षं झाली. पहिल्या वर्षी सासूबाईंना विचारलं, आई, तुमच्या स्वातंत्र्यदिनाला काय काय असतं? त्या म्हणाल्या, अगं मी देशापेक्षा अकरा वर्षांनी मोठी आहे. मला आधी कळलंच नाही. आपल्याकडे भारतात स्वातंत्र्य ही आजोबांच्या फोटोसारखी गोष्ट झालेली, भिंतीवर आहे, हार आहे, पण बघितलं कोणी? आणि इथे स्वयंपाकघरात फराता लाटत उभी असलेली बाई सांगतेय की हा देश झाला तेव्हा मी पाचवीत होते. तरुण देश म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आता 1968 मध्ये काय झालं ते आपण स्टेजवर कसं सांगतो? "12 मार्चला दुपारी 12 वाजता पोर्ट लुईच्या शाँ द मार्स मैदानावर युनियन जॅक उतरला, आपला चौरंगी झेंडा चढला, सर शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले, गांधीजींनी 12 मार्च 1930 ला दांडीयात्रा सुरू केली म्हणून हीच तारीख निवडली, टाळ्या." यात चुकीचं काहीच नाही. दांडीवर तर दरवर्षी दहा मिनिटं जातात, मीठ उचलण्याची ॲक्शन पण असते. पण सासूबाईंना जे आठवतं ते यात कुठेच येत नाही.

त्यांना आठवते ती भीती. जानेवारी 1968 मध्ये पोर्ट लुईत दंगे झाले, माणसं मेली, ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. सोहळ्याला राजघराण्यातली प्रिन्सेस अलेक्झांड्रा येणार होती, तिचा दौरा रद्द झाला. त्यामुळे सासूबाईंचे वडील म्हणाले, राजधानीत कोणी जायचं नाही, रेडिओ आहे की घरात. ज्या मैदानात 1812 पासून घोडे पळतात तिथे इतिहास घडत होता आणि ही पोरगी 20 किलोमीटरवर गावात, दार ओढून घेतलेल्या खोलीत, शाळेने दिलेला कागदी झेंडा हातात धरून बसली होती. झेंड्याची काडी घामाने ओली झाली आणि रंग बोटांना लागला एवढं त्यांना पक्कं आठवतं. कोणता रंग? निळा, म्हणतात.

आणि दुसरी आठवण शेजारच्या घराची. ऑगस्ट 1967 ची निवडणूक म्हणजे स्वातंत्र्य हवं की नको याचाच कौल होता. रामगुलाम यांची आघाडी जिंकली, पण साधारण 44 टक्के मतं गेली गाएताँ द्युवाल यांच्या पीएमएसडी या पक्षाला, म्हणजे 'नको'ला! शंभरातली चव्वेचाळीस माणसं! हे लोक काही गद्दार नव्हते हो. बहुतेक क्रेओल (म्हणजे मुख्यतः गुलामांचे वंशज), गोरे, बरेच मुसलमान आणि तमिळ कुटुंबं, त्यांना वाटलं की इंग्रज गेले की हिंदूंचं राज्य येणार आणि आपलं काही खरं नाही. सासूबाईंचं घर रामगुलाम यांच्या लेबर पार्टीचं म्हणजे लाल, आणि शेजारचं क्रेओल घर पीएमएसडीचं म्हणजे निळं. मध्ये एक पेरूचं झाड, त्याचे पेरू मात्र कोणत्याच पक्षाचे नव्हते. झेंडा चढल्यावर थोड्याच दिवसांत ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं, तेव्हा असे खूप जण गेले. जाताना त्या बाईंनी आपलं सिंगर मशीन आमच्या घरी आणून ठेवलं, म्हणाल्या दोन वर्षांत सेटल झालो की नेऊ. ते मशीन आजही आमच्या मागच्या खोलीत आहे, ड्रॉवरमध्ये त्यांची बटणं आहेत, आणि सेक्रेटरी ताई, आपल्या स्टेजच्या केशरी पडद्याला सासूबाईंनी शिवण घातली ना, ती त्याच मशीनवर.

झेंड्याचा अर्थ शाळेत शिकवतात: लाल म्हणजे स्वातंत्र्याचा लढा, निळा हिंदी महासागर, पिवळा स्वातंत्र्याचा प्रकाश, हिरवा शेती. सासूबाईंचा अर्थ वेगळाच आहे आणि इथली बरीच जुनी माणसं तसंच सांगतात: लाल लेबरचा, निळा पीएमएसडीचा, बाकीचे दोन उरलेल्या दोन पक्षांचे. सरकारी अर्थ नाही हा, पण मला हाच आवडतो. भांडलेली दोन घरं झेंड्यात एकाखाली एक शिवलेली!

तर मुद्दा असा की अशा दिवसाचं झेंडावंदन भारतातल्यासारखं करून कसं चालेल? तिकडे इंग्रज जावेत यावर भांडण नव्हतं. इथे जवळजवळ निम्म्या लोकांना हा दिवस नको होता, त्यांची पोरं-नातवंडं आज आपल्या शेजारी राहतात, आणि 12 मार्चला आपण काय करतो तर हॉलची दारं लावून आपापला कार्यक्रम करतो. तमिळ लोक त्यांच्या हॉलमध्ये, तेलुगू त्यांच्या, भोजपुरीवाले त्यांच्या, आपण आपल्या. मग संध्याकाळी सगळे घरी जाऊन टीव्हीवर शाँ द मार्सचा सोहळा बघतात आणि म्हणतात, वा, किती विविधता!

(तो सोहळा मात्र मला जाम आवडतो. इथे सैन्यच नाही, त्यामुळे परेड करतात ते पोलीस, स्पेशल मोबाईल फोर्स आणि कोस्ट गार्ड. रणगाडे नाहीत, मिसाईल नाहीत. भारतातून पाहुणे येतात, 2018 ला पन्नाशीला राष्ट्रपती कोविंद आले होते, 2024 ला मुर्मू, 2025 ला मोदी, तेव्हा मलाही भरून येतं, खोटं कशाला बोलू. चिपळूणची आई फोन करते, टीव्हीत तुमचं गाव दाखवतायत म्हणून. तिला वाटतं अख्खा देश म्हणजे एक गाव, आणि तसं बघितलं तर मुख्य बेट आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव हिश्श्याएवढंही नाही, तिचं फार चुकत नाही.)

आता यंदाचा प्रसंग, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले. नाव घेत नाही, कोणाला टोचायचं नाही. आमच्या शेजारचा दादा, इलेक्ट्रिशियन, तोच जो दर गणपतीत आपल्या मांडवाचं वायरिंग करून देतो आणि पैसे घेत नाही, तो रवान फार सुंदर वाजवतो. बाहेरच्यांसाठी सांगते, रवान म्हणजे आपल्या डफाचा मोठा भाऊ, लाकडी कडं आणि बकऱ्याचं कातडं, गुलामांच्या वस्तीतून आलेलं सेगा संगीत त्याच्यावर चालतं. मी मीटिंगमध्ये सुचवलं होतं की आपल्या पोरांची झाकरी आणि त्याचं रवान एकत्र करू. झाकरी म्हणजे आमच्या कोकणातली जाखडीच, इथल्या लोकांनी पायातल्या चाळासकट जपून ठेवली, तिकडे आम्ही 'बाल्या डान्स' म्हणून हसण्यावारी नेत होतो. कमिटीने तेव्हा "बघू" म्हटलं. मी बघू म्हणजे हो समजले, माझी चूक.

12 तारखेला तो आला, पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून. पाऊस पडून गेलेला, मार्चची दमट हवा, कातडं पार सैल झालेलं. मग त्याने पार्किंगच्या कोपऱ्यात जुने पेपर आणि उसाची वाळकी पाचट पेटवली आणि रवान त्याच्यावर धरून फिरवायला लागला. थोडं शेकायचं, बोटाने टिचकी मारायची, कान लावायचा, परत शेकायचं. पोरं गोल करून उभी. मला एकदम शिमगा आठवला, पालखी निघायच्या आधी डफ असेच शेकतात ना आमच्याकडे, तोच जळक्या गवताचा वास, आणि दिवसही तेच, फाल्गुनाचे. आवाज हळूहळू चढत गेला, ढप्पचा टण् झाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कमिटीतलं कोणीतरी बाहेर आलं आणि म्हणालं, इथे धूर करू नका, पाहुणे येतायत. इथवर ठीक. पण पुढे मला बाजूला घेऊन म्हणाले, वहिनी, आज आपला कल्चरल प्रोग्रॅम आहे, हे सेगा वगैरे हॉटेलमध्ये टुरिस्टांसाठी असतं.

त्याने ऐकलं. मराठी येत नसलं तरी 'सेगा' आणि 'टुरिस्ट' कळतं. काही न बोलता त्याने आग पायाने विझवली, रवान गाडीत ठेवलं आणि जायच्या आधी आपला माईक खरखरत होता तो नीट करून गेला.

टुरिस्टांसाठी! अहो, मॉरिशसचा पारंपरिक सेगा 2014 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, भोजपुरी लग्नातलं गीत-गवाई 2016 ला आलं. मग आपलं तेवढं कल्चर आणि त्याचं काय? रूम सर्व्हिस?

अजून एक गोष्ट त्या दिवशी कमिटीतल्या कोणालाच माहीत नव्हती, मलाही नंतर कळली. त्याची आई पेरोस बान्योसला जन्मलेली. चागोस द्वीपसमूहातलं बेट. आपल्या स्टेजवर मी चौदा वर्षांत 'चागोस' हा शब्द एकदाही ऐकला नाही, म्हणून जरा थांबून सांगते. स्वातंत्र्य द्यायच्या आधीच, नोव्हेंबर 1965 मध्ये, ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली, बदल्यात 30 लाख पौंड दिले, आणि दिएगो गार्सिया अमेरिकेला लष्करी तळासाठी दिलं. तळाला माणसं नको होती. मग 1968 ते 1973 मध्ये तिथले सगळे, दीड-दोन हजार लोक, बोटींत घालून मॉरिशस आणि सेशेल्सला आणून सोडले. त्यांची कुत्री गॅस सोडून मारली. शेवटच्या खेपांपैकी एका बोटीतले लोक पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरायलाच तयार नव्हते, राहायला जागा द्या मग उतरतो म्हणाले. आपली नवीकोरी स्वतंत्र भूमी, झेंडा जेमतेम पाच वर्षांचा, आणि तिच्या धक्क्यावर तिचीच माणसं अशी अडून बसलेली. मग कासी, रोश ब्वा या वस्त्यांमध्ये पत्र्याच्या खोल्यांत संसार. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये सांगितलं की ही तोडातोड बेकायदा होती, त्याच वर्षी मे महिन्यात युनोच्या आमसभेत 116 विरुद्ध 6 मतांनी ठराव झाला, आणि 22 मे 2025 ला ब्रिटनने बेटं परत द्यायच्या करारावर सही केली, दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षं लीजवर ठेवून. त्या माऊलीला यातलं काय मिळणार ते देव जाणे, पण निदान 12 मार्चला तिच्या पोराला तरी आपण "पाहुणे येतायत" म्हणून हटकायला नको होतं. पाहुणे आपण पण होतोच की एकेकाळी. सासूबाईंच्या लहानपणी आपल्या लोकांना इथे 'बोंबे' म्हणायचे, बॉम्बेच्या बंदरातून आलेले म्हणून. भारतातून आणलेल्या मजुरांना पोर्ट लुईत जिथे उतरवायचे त्या आप्रवासी घाटाच्या 16 पायऱ्या आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, त्या चढताना आपल्या पूर्वजांच्या अंगावर कोणी शाल घातली नव्हती.

भाषेचं पण बोलून टाकते, आता सुरूच केलंय तर. आपल्या घरात आपण काय बोलतो? क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली सगळ्यांची बोली. पोरं भांडतात क्रेओलमध्ये, तुम्ही अध्यक्ष काका, ठेच लागली की ओरडता क्रेओलमध्ये (मी ऐकलंय). मराठी आपण शाळेत शिकतो, गणपतीत आरतीला वापरतो, आणि स्टेजवर बोलतो ती तर अशी की मला चिपळूणच्या पोरीलाच डिक्शनरी लागेल. मराठी टिकवावी म्हणून तर मी दर रविवारी क्लास घेते, तेव्हा मला मराठीद्वेष्टी म्हणू नका. पण वर्षाला गणपती आहे, गुढीपाडवा आहे, 1 मे आहे, मराठी मिरवायला दिवस कमी आहेत का? 12 मार्चला तरी क्रेओलची लाज वाटायला नको. राष्ट्रगीत इंग्रजीत आहे, ते असू दे. 1983 मध्ये 12 मार्चलाच ते क्रेओलमध्ये म्हटलं गेलं तर केवढा गहजब झाला, त्याच महिन्यात सरकार फुटलं, कारणं अर्थात आणखीही होती. त्या वेळची भीती मी समजू शकते. पण आता कोणाला क्रेओलची भीती वाटते? आपल्या वक्तृत्वातली पोरं 'मातृभूमीचे ऋण' पाठ करून घडाघडा म्हणतात, यंदा माझ्या धाकट्याने 'ऋण' म्हणजे काय विचारल्यावर सांगितलं, "काहीतरी नदी असेल."

आता तुम्ही म्हणाल, तक्रार झाली, पण करायचं काय? मोठं काही नाही. हॉलचं बुकिंग राहू दे, पण दारं उघडी ठेवा, नाही तर सरळ बाहेर मैदानात करा, मार्चमध्ये पाऊस आला तर भिजू, वादळाचा इशारा असला तर घरी बसू. ऑर्केस्ट्राच्या विमान तिकिटांचे पैसे वाचतील त्यात पाचशे माणसांना धोल पुरी (डाळ भरलेली इथली पोळी) खाऊ घालता येईल, ती खाताना कोणी जात विचारत नाही आणि टोमॅटोची चटणी सगळ्यांच्याच शर्टावर सांडते. चीफ गेस्ट म्हणून आपल्याच गावातल्या साठीपुढच्या चार जणांना बोलवा, एक लाल घरातलं, एक निळ्या घरातलं, एक चागोसचं, आणि जमलं तर एक आपल्याच देशातल्या रॉद्रिग बेटावरचं, कारण तिथे तर जवळजवळ सगळ्यांनीच स्वातंत्र्याच्या विरोधात मत दिलं होतं, त्यांना त्या दिवशी काय वाटलं ते मला खरंच ऐकायचंय. प्रत्येकाने फक्त एवढंच सांगायचं की त्या दुपारी 12 वाजता मी कुठे होतो. भाषण नाही, पाच मिनिटं गप्पा. सासूबाई तयार आहेत, त्यांनी साडी पण काढून ठेवली आहे (2028 साठी! आत्तापासून!). आणि घाई करा हो, त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं माणूस तेव्हा सत्तरीचं असेल.

दांडीयात्रा पण ठेवा, कोणी काढा म्हणत नाही. फक्त दहाच्या ऐवजी चार मिनिटं करा, उरलेली सहा चागोसला द्या.

आणि ते 'धूर करू नका'वालं. मी शेजारच्या दादाकडे जाऊन आले. मंडळाच्या वतीने सॉरी म्हणाले, मला तसा अधिकार नाही हे माहीत आहे, तरी म्हणाले. त्याने हसून विषय बदलला आणि विचारलं की झाकरीतला तो पाय मागे टाकून वळायचा ठेका परत दाखव, सहाच्या मात्रेत बसतो का बघू. बसतो! माझ्या मोठ्याने करून दाखवलं, रवानवर अगदी बसतो, फक्त वळताना अर्धा श्वास थांबायला लागतं.

येत्या रविवारी चार वाजता आमच्या गॅरेजमध्ये पहिली प्रॅक्टिस आहे. अकरा पोरं आहेत आपली, चार त्यांच्या बाजूची. काका, तुम्ही या, तुम्हाला जुन्या चालीतली दोन कडवी येतात असं सासूबाई म्हणतात. येताना रद्दी घेऊन या, आमच्याकडचे पेपर संपले, आणि पाऊस असेल तर कातडं शेकायला खूप लागतात.

तुमचीच,
रविवारच्या मराठी क्लासवाली वहिनी